वस्त्र बोलेल, ऐकणार कोण?

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजांत वस्त्राचा क्रमांक दुसरा लागतो. लज्जारक्षण, थंडी-वाऱ्यापासून बचाव आणि सामाजिक प्रतिष्ठेचे प्रदर्शन ही वस्त्राची परंपरागत कार्ये होत. गेल्या सुमारे तीस वर्षांत त्यांत आणखी एका कार्याची भर पडत आहे. अंगावरचे कापडच अंगाची खबर देऊ लागले आहे. छातीला लागून बसणारा विणीचा सदरा हृदयाचे ठोके टिपतो, श्वासाचा वेग मोजतो, त्वचेचे तापमान नोंदवतो आणि ही सारी माहिती दूरवर बसलेल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवू शकतो. रुग्णाला खिळवून ठेवणाऱ्या तारा नाहीत आणि खाटेशेजारी यंत्रही नाही. रुग्ण घरात वावरतो आणि त्याचे वस्त्र त्याची पाळत ठेवते.

विज्ञानाचा हा चमत्कार कौतुकास्पद आहे यात शंका नाही. परंतु नव्या साधनाचे कौतुक करताना समाज एक गोष्ट नेहमी विसरतो. साधन काय करू शकते आणि समाज त्या साधनाचे काय करणार आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. दुसऱ्याचे उत्तर रुग्णालयाच्या व्यवस्थेत, सरकारच्या अंदाजपत्रकात आणि कायद्याच्या पुस्तकात शोधावे लागते. बोलणाऱ्या वस्त्राच्या बाबतीत पहिले उत्तर बरेचसे हाती आले आहे. दुसऱ्याचा शोध अद्याप नीटसा सुरूही झालेला नाही.

बादलीपासून सदऱ्यापर्यंत

शरीराच्या खुणा मोजण्याचा आधुनिक इतिहास एका धाग्यापासूनच सुरू होतो, हा योगायोग लक्षणीय आहे. हॉलंडमधील लायडन येथील शरीरशास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हृदयाचा विद्युत्-आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. त्या यंत्राचा आत्मा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला, केसाहूनही बारीक असा क्वार्ट्झचा तंतू. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेला हा तंतू हृदयातील क्षीण विद्युत्-प्रवाहाने थरथरे आणि त्या थरथरण्याचे छायाचित्र घेतले जाई. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कार्याबद्दल आइंथोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर पाव शतकाने, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतील मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांनी रुग्णाला यंत्राशेजारी बसवण्याऐवजी यंत्रच पाठीवर दिले. ते ओझे सुमारे ३८ किलोंचे होते! पुढे तेच तंत्र कमरेला अडकवता येईल अशा डबीत आले. आजही 'होल्टर लावणे' हा शब्दप्रयोग हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोज ऐकू येतो. यंत्र रुग्णापाशी आणण्याच्या या शंभर वर्षांच्या प्रवासातील पुढची स्वाभाविक पायरी म्हणजे यंत्र वस्त्रातच मुरवणे.

ही पायरी १९९६ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत ओलांडली गेली. अमेरिकी नौदलाला जखमी सैनिकाची अवस्था दूरवरून कळावयास हवी होती. मद्रास विद्यापीठात शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले सुंदरेशन जयरामन आणि त्यांचे सहकारी यांनी विणकामातच प्लॅस्टिकचे प्रकाशवाहक तंतू आणि विद्युत्-वाहक धागे घालून एक बंडी तयार केली. गोळी लागून तंतू तुटला की प्रकाशाचा मार्ग खंडित होई आणि जखम कोठे झाली ते कळे. विद्युत्-वाहक धागे संवेदकांकडून आलेली हृदयाची व श्वासाची माहिती वाहून नेत. कापड केवळ यंत्राचे आवरण न राहता स्वतःच यंत्राचा भाग झाले ते येथे.

धाग्याची किमया

या वस्त्राची कार्यपद्धती समजण्यास अवघड नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेवर सुमारे एक सहस्रांश व्होल्ट इतका विद्युत्-दाब उमटतो. रुग्णालयात तो टिपण्यासाठी छातीवर चिकट पट्ट्या लावतात. त्या पट्ट्यांची जागा सदऱ्याच्या आतल्या बाजूस विणलेले चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचे तुकडे घेतात. पट्टीला लागणाऱ्या चिकट द्रवाची उणीव अंगावरचा घाम काही अंशी भरून काढतो. श्वास मोजण्याची युक्ती निराळी आहे. छाती व पोट यांभोवतीच्या पट्ट्यांत नागमोडी तार घातलेली असते. श्वासाबरोबर पट्टी ताणली व सैलावली की तारेचे विद्युत्-गुणधर्म बदलतात आणि त्या बदलांवरून श्वासाची लय कळते. ही सारी माहिती सदऱ्याला अडकवलेली एक छोटी डबी गोळा करते आणि मोबाइलकडे धाडते. कापड धुण्यापूर्वी डबी काढून ठेवावयाची.

अडचणी याच वर्णनात दडलेल्या आहेत. हृदयाचा संदेश अत्यंत क्षीण असतो. माणूस हलला, वळला, खोकला की धातूचा तुकडा त्वचेवरून सरकतो आणि त्या सरकण्याचा गोंगाट हृदयाच्या संदेशाहून मोठा होतो. तुकडा सरकू नये म्हणून सदरा घट्ट हवा आणि घट्ट सदरा दिवसभर कोणाला सोसत नाही. वारंवार धुण्याने चांदीचा मुलामा झिजतो. रक्तदाब केवळ कापडाने विश्वसनीयरीत्या मोजणे अद्याप साधलेले नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण प्रकाशाच्या साह्याने मोजता येते. परंतु तेथे आणखी एक खाचखळगा आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिले की, बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरकडून प्राणवायूची धोकादायक घट नजरेआड होण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेने कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. यंत्र पक्षपाती नसते. पण ते कोणाच्या शरीरावर तपासले गेले यावर त्याचा न्याय अवलंबून असतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या आपल्या देशाने हा धडा विसरता कामा नये.

जरीचे जुने नाते

या नव्या तंत्राशी भारताचे नाते केवळ ग्राहकाचे नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधील संशोधक कापडावर विद्युत्-मंडले उभारण्याच्या खटपटीत होते. त्यांनी सर्वप्रथम हाताळलेले विद्युत्-वाहक कापड होते रेशमी ऑर्गन्झा. त्याचा ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या रेशमाचा. असे कापड भारतात किमान शतकभर विणले जात आहे, अशी नोंद त्या संशोधकांनीच २००० सालच्या आपल्या निबंधात केली आहे. रेशमाच्या गाभ्यावर धातूची चपटी तार गुंडाळणे ही तर जरीचीच कला! सुरतेचा जरीवाला आणि येवल्याचा पैठणी विणणारा कारागीर जे पिढ्यान्‌पिढ्या शोभेसाठी करीत आले, तेच संशोधकांनी संदेशवहनासाठी वापरले.

या हकिगतीने अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभिमानापाशी थांबून चालत नाही. धागा येथला, कसब येथले, आणि जयरामन यांचे उदाहरण घेतल्यास बुद्धीही बऱ्याच अंशी येथली. एकस्व मात्र परदेशात. मूल्य धाग्यात निर्माण होत नाही. ते धाग्याला प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थेत निर्माण होते. अमेरिकी नौदलाने प्रश्न विचारला, पैसा पुरवला आणि विद्यापीठाने उत्तर शोधले. आपल्याकडे हातमागासमोर असा प्रश्न कोणी ठेवलाच नाही.

बाजाराची अडखळ

असे असूनही, ज्या देशांत हे वस्त्र जन्मले तेथेही बाजाराने त्याला फारसा हात दिलेला नाही. कॅलिफोर्नियातील व्हिव्होमेट्रिक्स या कंपनीचा 'लाइफशर्ट' श्वास आणि हृदय मोजण्यात अग्रेसर मानला जाई. २००९ साली त्या कंपनीचा कारभार गुंडाळला गेला. राल्फ लॉरेन या प्रख्यात कपडेवाल्यांनी २०१५ साली हृदयाचे ठोके मोजणारा सदरा २९५ डॉलरला विक्रीस ठेवला. तोही फार काळ टिकला नाही. गूगल व लीव्हाय यांचे २०१७ मधील जॅकेट शरीराच्या खुणा मोजत नसे, बाहीवर हात फिरवून मोबाइल चालवण्याची सोय त्यात होती. परंतु त्याची कथा बोधप्रद आहे. २०२३ मध्ये कंपनीने त्यासाठीची मोबाइलवरील सेवा बंद केली आणि महागड्या जॅकेटातील विद्युत्-धागे एका दिवसात नुसते धागे झाले. कापड फाटले नव्हते; त्याचा आवाज काढून घेतला गेला होता. ज्या वस्तूचे आयुष्य विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून असते, तिला ग्राहकाच्या मालकीची म्हणावे काय, हा प्रश्न यातून उभा राहतो. आणि ती वस्तू हृदयरोग्याच्या अंगावर असेल तर तो प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

याउलट, जेथे पैसा देणारा आणि गरज असणारा एकच असतो तेथे हे वस्त्र टिकून आहे. जपानच्या तोरे आणि एनटीटी या कंपन्यांनी २०१४ मध्ये विद्युत्-वाहक बहुवारिकाचा लेप दिलेले अतिसूक्ष्म तंतूंचे कापड जाहीर केले आणि ते पुढे कामगारांच्या देखरेखीसाठी वापरात आले. कॅनडात बनलेला सदरा २०१९ मध्ये अंतराळवीर डेव्हिड सेंट-जॅक यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर वापरला. सैन्य, अग्निशमन, अवकाशयान ही या वस्त्राची स्वाभाविक क्षेत्रे ठरली.

सामान्य बाजारातील अपयशाचे कारण तांत्रिक नव्हे, आर्थिक आहे. तीनशे डॉलरचा सदरा विकत घेणारा तरुण, धडधाकट आणि सुखवस्तू असतो. त्याच्या हृदयाची खबर त्याला करमणुकीपुरतीच उपयोगी असते. ज्याला ही खबर खरोखर हवी, तो वृद्ध असतो, आजारी असतो आणि बहुधा गरीब असतो. गरज एकीकडे आणि क्रयशक्ती दुसरीकडे, या विसंगतीचा सांधा बाजार आपण होऊन जुळवीत नाही. आरोग्याचा बाजार हा इतर बाजारांसारखा नसतो, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात साधार मांडले होते. बोलणाऱ्या वस्त्राने त्या सिद्धान्ताला नवा दाखला पुरवला आहे, इतकेच.

आकडा म्हणजे उपचार नव्हे

मग सरकारने हे सदरे विकत घेऊन रुग्णांना वाटावेत काय? येथेच प्रश्नाचे मर्म आहे. नुसता आकडा कोणाचा जीव वाचवीत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो पूरक वस्तूंवाचून निरुपयोगी ठरतो. जसा दौतीवाचून टाक, तसा परिचारिकेवाचून आकडा.

हे केवळ तर्काने सांगावे लागत नाही. घरी सोडलेल्या हृदयरोग्यांवर दुरून देखरेख ठेवण्याचे दोन मोठे प्रयोग परदेशांत झाले आहेत. त्यांत बोलणारे कापड नव्हते, पण प्रश्न तोच होता. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांनी रोज दूरध्वनीवरील स्वयंचलित यंत्रणेला आपले वजन व लक्षणे सांगावयाची होती. डॉक्टर ती माहिती पाहत असत. सहा महिन्यांनंतर देखरेखीखालील गट आणि नेहमीचे उपचार घेणारा गट यांत काहीही फरक आढळला नाही. जर्मनीत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र दर शंभर रुग्ण-वर्षांमागे मृत्यूंचे प्रमाण ११.३ वरून ७.९ वर आले. तेथे वजन, रक्तदाब, हृदयालेख आणि प्राणवायू यांच्या नोंदी रोज एका केंद्राकडे जात आणि त्या केंद्रात डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस हजर असत. आकडा बिघडला की फोन जाई, औषध बदले, गरज पडल्यास रुग्णाला दाखल केले जाई. दोन्ही प्रयोगांत माहिती गोळा झाली. जर्मनीत ती माहिती ऐकण्यासाठी चोवीस तास माणूस जागा होता. साधनेही निराळी होती हे खरे. तथापि या जाग्या माणसाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

यासाठी बर्लिनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस बालकांच्या न्यूमोनियावर केलेले कार्य महाराष्ट्राला परिचित आहे. बालकाचा श्वास वेगाने चालू लागणे हे न्यूमोनियाचे पहिले लक्षण. दोन महिन्यांहून मोठ्या पण वर्षाच्या आतील मुलाचा श्वास मिनिटाला पन्नास वा त्याहून अधिक आणि वर्षावरील मुलाचा चाळीस वा त्याहून अधिक झाला, तर संशय घ्यावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. परंतु ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? 'सर्च'ने तिच्या हाती मणी आणि एक मिनिटाची वाळूची घडी असलेले साधे श्वासमापक दिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावातल्याच आरोग्यसेवकांच्या हाती औषधही दिले आणि ते देण्याचा अधिकारही दिला. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या बालकांत न्यूमोनियाचे मृत्यू ०.८ टक्के होते; जेथे ही योजना नव्हती त्या गावांत ते १३.५ टक्के होते.

या मण्यांच्या साधनात ना चांदीचा धागा होता, ना संदेशवहन. तरीही ते प्रभावी ठरले, कारण मोजणारा हात आणि औषध देणारा हात एकच होता. याची दुसरी बाजू २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वांनी पाहिली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर घरोघर पोहोचला होता. प्राणवायू ९४, ९०, ८६ असा उतरत असल्याचे तो अचूक सांगत होता आणि कुटुंबीय खाटेच्या व सिलिंडरच्या शोधात शहरभर वणवण करीत होते. आकडा घरात होता, उपचार नव्हता. जेथे उपचार नाही तेथे अचूक मोजमाप ही कधी कधी केवळ अधिक अचूक यातना ठरते.

श्वासाची उपेक्षा

तथापि यावरून बोलणारे वस्त्र ही चैन आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. रुग्णालयात रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याची चाहूल सर्वांत आधी बहुधा श्वासाच्या वेगात लागते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली रुग्णाच्या बिघाडाची पूर्वसूचना देणारी गुणपद्धती तयार केली. तीत प्रौढाचा श्वास मिनिटाला २५ वा त्याहून अधिक झाल्यास त्या एका खुणेला सर्वाधिक गुण दिले जातात. पण नेमकी हीच खूण सर्वांत अधिक उपेक्षित आहे. नाडी व प्राणवायू यंत्र मोजते. श्वास मोजण्यासाठी परिचारिकेने घड्याळ हाती धरून छातीकडे मिनिटभर पाहावे लागते. रात्रपाळीला एकट्या परिचारिकेकडे तीस-चाळीस खाटा असल्या तर हे मिनिट तिने कोठून आणावे? मग नोंदवहीत अंदाजाने आकडा लिहिला जातो.

कापड ज्या कामात सर्वांत निष्णात आहे ते नेमके हेच काम. येथे ते परिचारिकेची जागा घेत नाही. तिचे मिनिट वाचवते आणि चाळीस खाटांपैकी कोणत्या खाटेकडे आधी धावावयाचे ते सांगते. बंगळुरूच्या डोझी या कंपनीने गादीखाली ठेवावयाच्या पट्टीवाटे हृदय व श्वास मोजण्याची पद्धत रुग्णालयांत आणली आहे, ती याच विचाराने. जेथे ऐकणारा माणूस आधीच हजर आहे, तेथे बोलणारे कापड त्याचे बळ वाढवते. जेथे तो हजरच नाही, तेथे ते त्याच्या अभावावर पांघरूण घालते.

खोट्या इशाऱ्यांचे गणित

निरोगी लोकांच्या अंगावर हे वस्त्र सरसकट चढवण्याचा मोह टाळला पाहिजे, त्याला आणखी एक कारण आहे. हजार माणसांनी सदरा घातला आणि त्यांपैकी वीस जणांना खरोखर विकार आहे असे समजा. सदरा शंभरांत पंचाण्णव वेळा अचूक निदान करतो असेही धरून चाला. वीस रुग्णांपैकी एकोणीस तो ओळखील. परंतु उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९ जणांनाही तो धोक्याचा इशारा देईल. एकूण इशारे ६८, खरे १९. म्हणजे दर शंभर इशाऱ्यांत केवळ अठ्ठावीस खरे! उरलेल्यांच्या तपासण्या, खर्च आणि झोप उडवणारी चिंता यांचा हिशेब कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. आणि खोट्या इशाऱ्यांना सरावलेली परिचारिका खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागते, ही तर लांडग्याच्या गोष्टीचीच पुनरावृत्ती.

अमेरिकेत तान्ह्या बाळाची नाडी व प्राणवायू मोजणारा 'आउलेट' नावाचा मोजा लोकप्रिय झाला होता. हे वैद्यकीय उपकरण असून त्यासाठी रीतसर मंजुरी घेतलेली नाही, अशी ताकीद तेथील अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली आणि मोज्याची विक्री थांबली. रीतसर तपासणीनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या मोज्याला मंजुरी मिळाली. जो मोजा आईला रात्री झोपू देतो किंवा झोपेतून दचकून उठवतो, त्याला खेळण्याचे नियम लावता येत नाहीत. भारतातही १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. 'हे केवळ तंदुरुस्तीसाठी आहे' अशा शब्दांच्या आडून बोलणारे कापड त्या कक्षेबाहेर निसटणार नाही, हे पाहणे प्रशासनाचे कर्तव्य होय.

ठोका कोणाच्या मालकीचा?

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सदऱ्याने टिपलेला हृदयाचा ठोका कोणाच्या मालकीचा? घालणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, पगार देणाऱ्याचा की विमा उतरवणाऱ्याचा?

अमेरिकेतील जॉन हॅनकॉक या जुन्या विमा कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केले की, यापुढे तिच्या सर्व आयुर्विमा पॉलिसी अंगावरील उपकरणांतून मिळणाऱ्या माहितीशी जोडलेल्या असतील. भाग घेणे ऐच्छिक, भाग घेणाऱ्यास सवलत. सवलत ऐकावयास गोड वाटते. पण एकाला दिलेली सवलत ही दुसऱ्यावर बसलेला दंडच असतो. जॅक हर्शलायफर या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले होते की, भविष्याची माहिती आधीच उघड झाली तर जोखीम वाटून घेण्याची संधीच नष्ट होऊ शकते. विम्याचे सारे तत्त्व सामायिक अज्ञानावर उभे आहे. कोण आजारी पडेल हे कोणालाच ठाऊक नसते म्हणून सारे मिळून हप्ता भरतात. सदऱ्याने ते अज्ञान दूर केले की निरोगी माणूस स्वस्तात सुटेल आणि ज्याला विम्याची खरी गरज आहे त्याला तो परवडणार नाही.

कामगाराची गोष्ट याहून बिकट आहे. भट्टीपुढे किंवा रणरणत्या उन्हात काम करणाऱ्याच्या सदऱ्याने उष्माघाताची पूर्वसूचना दिली तर त्याचा जीव वाचेल; ही सोय नाकारणे अमानुष ठरेल. परंतु तोच सदरा मुकादमाला हेही सांगेल की, हा माणूस दुपारनंतर थकतो, याचे हृदय कमजोर आहे, याला पुढल्या हंगामात घेऊ नये. कागदोपत्री त्याची संमती घेतलेली असेल. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्या संमतीला कितीसा अर्थ असतो?

व्यक्तीची खासगी जीवनाची कक्षा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तो संमतीच्या तत्त्वावर उभा आहे; मात्र आरोग्यविषयक माहितीसाठी त्यात वेगळा, अधिक कडक वर्ग ठेवलेला नाही. ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे.

धोरणाची दिशा

केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. वैद्यकीय वस्त्रांचे उत्कृष्टता केंद्र कोइमतूरच्या 'सिट्रा' संस्थेत आहे. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेकडे न विणलेल्या कापडाचे केंद्र आहे. म्हणजे कापडाच्या बाजूने विचार सुरू झाला आहे. आरोग्याच्या बाजूने तो व्हावयास हवा.

त्या दृष्टीने चार गोष्टी निकडीच्या ठरतात. सरकारी रुग्णालयासाठी असे वस्त्र खरेदी करताना, त्याचा इशारा आल्यावर कोण, किती वेळात धावणार याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असली पाहिजे; ती नसेल तर खरेदी होऊ नये. दुसरे, वस्त्रातील माहिती कोणत्याही यंत्रावर वाचता येईल असे खुले मानक ठरवावे, म्हणजे कंपनी बुडाली तरी रुग्णाचा सदरा मुका होणार नाही. तिसरे, तपासणी येथल्या शरीरांवर, येथल्या उकाड्यात आणि येथल्या पेहरावात व्हावी. खेळाडूचा घट्ट सदरा खेड्यातील आजीबाई कधीच घालणार नाहीत; परंतु छातीलगत नीट बसणारी चोळी त्या जन्मभर घालत आल्या आहेत. येथल्या विणकराने आणि शिंप्याने उत्तर शोधावे असा हा प्रश्न आहे. चौथे, विमा कंपनीला आणि मालकाला या आकड्यांच्या आधारे कोणाचा विमा अथवा रोजगार नाकारण्यास कायद्याने स्पष्ट मनाई असावी.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, गरीब देशाने आधी परिचारिका नेमाव्यात. चांदीच्या धाग्यांचे नंतर पाहता येईल. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. परिचारिका की धागा असा पर्याय मांडणे हेच मुळी चूक होय. परिचारिकेसह धागा, असा क्रम असावयास हवा. गावोगावच्या आशा कार्यकर्तीला आजही स्वयंसेविका मानून कामागणिक मोबदला दिला जातो. तिच्या हाती उद्या श्वास मोजणारी पट्टी येईल. त्याबरोबर औषध, अधिकार आणि नियमित वेतन येणार नसेल, तर त्या पट्टीने तिच्या डोक्यावरचे ओझे तेवढे वाढेल.

धातूचा मुलामा दिलेला एक तंतू थरथरला आणि हृदयाची भाषा माणसाला कळली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तंतू पुढेही थरथरत राहील. दिवसेंदिवस अधिक स्वस्त, अधिक मऊ, अधिक अचूक होईल. त्यासाठी समाजाला फारसे काही करावे लागणार नाही. ते काम प्रयोगशाळा आणि बाजार करतीलच. समाजाने करावयाचे काम दुसरे आहे. मध्यरात्री एखाद्या वस्त्राने हाक दिली, तर ती ऐकणारे कोणीतरी जागे असेल आणि त्याच्या हाती उपाय असेल, अशी व्यवस्था उभी करणे. ते काम कोणताही धागा करू शकत नाही.